दत्तूभैया आणि शेवटच्या डब्याची पाटी

सकाळी दूधवाल्याच्याही आधी आमच्या गल्लीत शिट्टी वाजते. एकदाच, लांब. मग दत्तूभैया दारात सायकल धरून उभे राहतात, उजव्या हाताने हिरवा झेंडा वर करतात आणि मान मागे वळवून गल्लीच्या रिकाम्या टोकाकडे बघत राहतात. झेंडा हलत असतो, ते हलत नाहीत. त्या टोकाला एक भिंत आहे, भिंतीशी नळ आहे आणि नळाशी बहुतेक एक कुत्रं बसलेलं असतं. तेही भिंतीकडे बघायला लागतं. मग तिकडून कोणी खूण केल्यासारखी दत्तूभैया मान डोलावतात, झेंडा गुंडाळून खिशात घालतात आणि सायकलवर बसून निघून जातात.

कुत्रं मात्र त्यानंतरही बराच वेळ भिंतीकडे बघत बसतं.

हे ऐकून लोक हसतात. मीही हसायचो. हल्ली मी त्या वेळी खिडकीशी उभा असतो आणि हसत नाही. का, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमची दोघांची घरं झाशीच्या सीपरी बाजारात, भिंतीला भिंत लागून. दोन्ही जुनी मराठी घराणी. पूर्वज कोणत्या फौजेबरोबर आले आणि परत का गेले नाहीत, हे आता आम्हालाही नीट सांगता येत नाही. घरात बहुतेक मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडताना बुंदेली, अशी आमची वाटणी झालेली आहे. त्यामुळे ते कोणाचेच दत्तूकाका नाहीत. लहानथोर सगळ्यांचे दत्तूभैयाच.

ते रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गार्डपण उतरलं नाही. हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, असं मी एकदा त्यांना सांगितलं.

"मॅनेजर दुकानात असतो रे," ते चिडून म्हणाले. "गार्ड म्हणजे राखणारा. ड्रायव्हरचं तोंड पुढे, गार्डचं मागे. अख्ख्या गाडीत काय मागे राहिलं ते बघणारा एकच माणूस असतो."

हे मागे बघणं त्यांच्या हाडात मुरलंय. पंगतीत ते शेवटच्या पानावर बसतात आणि सगळे उठल्याची खात्री झाल्यावर उठतात. इलाइट चौराह्यावर रस्ता ओलांडताना आधी मागे बघतात, आणि पुढून येणारे ऑटोवाले त्यांचा उद्धार करतात. "मागे बघ, मग पुढे हो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी मुलगी सासरी निघाली तेव्हा आम्ही सगळे रडत होतो आणि दत्तूभैया एकटे गाडीच्या मागे जाऊन सामान बघत होते. मला त्याचा रागच आला. मग ते आत गेले आणि तिची बॅग घेऊन बाहेर आले. ती खरंच राहिली होती.

बायको, कुमुदवहिनी, मऊरानीपूरच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. मुलगी मेघा पुण्याला असते. तेव्हापासून त्या घरात दत्तूभैया, त्यांची शिट्टी आणि भिंतीवर टांगलेली पिवळी पाटी, एवढंच उरलं होतं. पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत 'एल.व्ही.' लिहिलंय. म्हणजे शेवटचा डबा. गाडी स्टेशनातून पुढे गेली की स्टेशनमास्तर ती पाटी बघतो. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, वाटेत एकही डबा सुटून राहिला नाही. निरोपसमारंभात लोक घड्याळ मागतात, शाल मागतात. दत्तूभैयांनी ही पाटी मागून घेतली होती.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्या घरात सायकल आली. त्यांचा भाचा फौजेत मेजर आहे, जवळच्याच बबिन्याच्या छावणीत होता. बदली झाली तेव्हा आपली विजेवरची सायकल मामाकडे ठेवून गेला. ती खडीच्या, मातीच्या वाटांसाठी बनवलेली. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, टायरवर दाणेदार नक्षी आणि दांड्याच्या पोटात बॅटरी. पायडल मारलं की मोटर जोर लावते, थांबलं की तीही थांबते.

पहिल्या दिवशी चक्कर मारून दत्तूभैया परत आले ते तडक माझ्या ओट्यावर बसले. चेहरा उतरलेला.

"प्रकाश, पाठीवर कोणीतरी हात ठेवतंय."

"मोटर आहे ती, दत्तूभैया."

"मोटर चाकात असते. हात पाठीवर होता."

मी हसलो. संध्याकाळी बायकोलाही हसवलं. दुसऱ्या दिवशी दत्तूभैया सायकल घेऊन सायकलवाल्या रज्जन मिस्त्रीकडे गेले. मीही बरोबर गेलो, कारण मला वाटलं ते विकायला निघालेत.

ते विकायला निघाले नव्हते. त्यांना ती सायकल डांबरी रस्त्यावर पळवायची होती.

"टायर बदल दो," त्यांनी हुकूम सोडला. "सड़क पर गुनगुन करते हैं."

"भैया, जा साइकिल तो पथरन पै चलबे खों बनी है," दगडांवर चालणारे एवढे चांगले टायर उतरवायचे म्हणून रज्जन कळवळून म्हणाला. "इत्ते नोने टायर काए उतरवा रए?"

"आवाज होतो," दत्तूभैया मला मराठीत म्हणाले. "भुंग्यासारखा. त्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही."

मागचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. रज्जनने टायर उकलला आणि आतून पांढरं पाणी भळकन त्याच्या पायावर सांडलं. त्या टायरांत ट्यूब नसते, भोक पडलं तर आपोआप बुजावं म्हणून असलं औषध भरलेलं असतं. रज्जनला ते ठाऊक नव्हतं. तो दोन पावलं मागे सरकला.

"अरे दद्दा रे! जा तो दूध देत है!"

त्या दिवसापासून सीपरी बाजारात त्या सायकलला 'भैया की गइया' म्हणतात.

गाईचं रूप हळूहळू पालटलं. गुळगुळीत, अरुंद टायर आले. शिंगं गेली आणि सरळ हँडल आलं, कारण गार्डने ओणवं बसायचं नसतं, ताठ बसून मागे बघायचं असतं. चिखल उडू नये म्हणून मडगार्ड आले, स्टँड आला, घंटी आली. पुढचं दातेरी चक्र मोठं झालं, डांबरावर वेग मिळावा म्हणून. दांडीवरच्या बटणाजवळ एक हिरवा दिवा लागायचा, त्यावर दत्तूभैयांनी स्वतः काळी चिकटपट्टी लावली. "हिरवा दाखवायचा तर गार्ड दाखवेल. मशीन कोण लागून गेली?"

शेवटी मागे कॅरिअर बसलं. त्यावर निळ्या मखमलीची छोटी गादी.

"भैया, पाछें कौन बैठहै?" रज्जनने डोळा मारून विचारलं.  दत्तूभैया गादीची दोरी ओढून घट्ट करत होते. मला मात्र एक गंमत करायची होती. त्यांच्या घरातली पिवळी पाटी मी गुपचूप काढून आणली होती, ती मी कॅरिअरला मागून अडकवली आणि म्हणालो, "घ्या, गाडी पूर्ण झाली!"

मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "काढ ती! काढ म्हणतो ना! गाडी अजून पूर्ण आलेली नाही!"

 मी पाटी काढली. घरी येईपर्यंत मी मागे बघत चाललो, का ते मला माहीत नाही.

मग ते रोज सकाळी जायला लागले. शिट्टी, झेंडा, मागे बघणं, मान डोलावणं. धुकं पडायला लागलं तरी थांबले नाहीत. गल्लीतल्या बायका सांगायच्या, भैया बोलत बोलत जातात. कोणाशी, ते धुक्यात दिसत नाही. माझ्या बायकोने त्या वेळी अंगणात जाणं बंद केलं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी स्वभावानेच अपराधी माणूस आहे. बसमध्ये कोणाचं पाकीट मारलं गेलं तर मी आधी माझे खिसे तपासतो. अशा माणसावर कोणी विश्वास टाकू नये, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. मेघाने पुण्याहून फोन केला तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

"प्रकाशदादा, बाबा ठीक आहेत ना? मला खरं सांगा. ते एकटेच बोलतात म्हणे."

"थोडंसं."

"धुक्यात सायकल चालवतात, ट्रकच्या रस्त्यावर?"

"सकाळी ट्रक कमी असतात गं."

"दादा, मी महिनाअखेरीला येते आणि त्यांना घेऊन जाते. घराला कुलूप. मी काय तिकडे बसून फोनची वाट बघू का?" तिचा आवाज फाटला. "तोवर निदान ती बॅटरी काढून ठेवा. त्यांना पुलाचा चढ चढवणारच नाही, आपोआप थांबतील."

त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते, आणि सायकलची दुसरी किल्ली त्याच जुडग्यात. दुपारी ते झोपले असताना मी गेलो. किल्ली फिरवून बॅटरी बाहेर ओढली, दांड्याचं झाकण परत बसवलं आणि चोरासारखा घरी आलो. जुन्या चादरीत गुंडाळून ती पलंगाखाली सरकवली.

"ये क्या है?" बायकोने विचारलं.

"दत्तूभैयांची बॅटरी."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काही वाटतं का?" एवढंच मराठीत म्हणाली. आमच्या घरात गंभीर गोष्टी मराठीत बोलल्या जातात.

मी हिशेब केला होता तो असा. बॅटरी नसली तरी सायकल चालते, पण जडशीळ होते. सत्तरीच्या माणसाला सीपरीचा पूल ती चढू देणार नाही. ते हाताने ढकलत परत येतील, एक-दोनदा चिडतील, मग सोडून देतील.

सकाळी शिट्टी वाजली. झेंडा हलला. दत्तूभैया गेले, आणि रोजच्या वेळी रोजच्यासारखे परत आले. घाम नाही, धाप नाही.

दुसऱ्या सकाळी तेच. मी न राहवून विचारलं, "सायकल कशी चाललीय?"

"अरे, लोण्यासारखी!" ते खूश होऊन म्हणाले. "हल्ली तर पुलावर श्वाससुद्धा लागत नाही."

मी घरी आलो आणि पलंगाखाली वाकून बघितलं. बॅटरी तिथेच होती. हात लावला तर बर्फासारखी गार.

पुढच्या सकाळी मी स्कूटर काढली आणि त्यांच्या मागे निघालो. धुकं इतकं दाट होतं की दुकानांच्या पाट्या नुसत्या डागांसारख्या दिसत होत्या. त्यांच्या सायकलचा आवाज येत नव्हता. एवढी खटपट करून त्यांनी तो घालवला होता. मागचा छोटा लाल दिवा मात्र दिसत होता, आणि मी त्या दिव्यामागे जात राहिलो.

पुलाचा चढ लागला. माझी स्कूटर कण्हायला लागली. पुढे दत्तूभैया ताठ बसलेले, पाय अगदी सावकाश फिरत होते, स्वप्नात फिरतात तसे. तेवढ्या पायडलवर ती सायकल सपाट रस्त्यावरही चालू नये. ती चढत होती. आणि ते मान किंचित डावीकडे मागे वळवून बोलत होते.

"आज उशीर नाही हं," असं मी स्पष्ट ऐकलं. मग कोणी उत्तर द्यावं एवढा वेळ गेला. मग ते हसले.

परत फिरावं असं मला मनापासून वाटलं. पण त्या धुक्यात एकट्याने परत फिरण्यापेक्षा त्यांच्या मागे राहणं मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. इलाइट चौराहा ओलांडून, मऊरानीपूरच्या रस्त्याला लागून ते शहराबाहेरच्या रेल्वे फाटकाशी थांबले. फाटक बंद होतं. मी बराच मागे स्कूटर बंद केली.

"ये, प्रकाश," ते म्हणाले. "गार्डच्या मागे लपून राहता येत नाही रे."

मी जाऊन शेजारी उभा राहिलो. ते घड्याळ बघत होते. "पॅसेंजर येते आता. मऊरानीपूरची. सुरुवातीला या सायकलीनेही वेळेत पोचायला जमायचं नाही, चुकायची. त्या खडीच्या टायरांनी तर कधीच जमलं नसतं."

"यासाठी एवढं सगळं केलंत?"

"कुमुद याच गाडीने शाळेत जायची. मी गार्ड असलो की माझ्या ब्रेकला लागून बायकांचा डबा, त्यात ती." गार्डच्या डब्याला ते नेहमी ब्रेक म्हणतात. "लग्न नवीन होतं. एकदा ती प्लॅटफॉर्मवर धावत येत होती. मला दिसत होती. पण टाइम झाला होता, मी झेंडा दाखवला. गाडी सुटली, ती राहिली. संध्याकाळी घरी आलो तर म्हणते कशी, 'अख्ख्या गाडीचं राखता, बायकोचं कोण राखणार?'" ते हसले. "तेव्हापासून ठरलं. डब्यात बसली की ती खिडकीतून हात बाहेर काढायची. तो हात दिसल्याशिवाय मी झेंडा हलवला नाही. इतकी वर्षं. ड्रायव्हरलोक चिडवायचे, दत्तूजी का सिगनल चूड़ीवाला है."

रूळ गुणगुणायला लागले. धुक्यातून गाडी आली. थंडीमुळे सगळ्या खिडक्या बंद होत्या. दत्तूभैयांनी झेंडा वर धरला. डबे गेले, शेवटी गार्डचा डबा आला, आतल्या अनोळखी माणसाने हिरवा दिवा दाखवून उत्तर दिलं. मग डब्याच्या पाठीवरची पिवळी पाटी दिसली आणि धुक्यात विरली.

"गेली पूर्ण," ते म्हणाले.

"तुमच्या सायकलला पाटी का लावत नाही, दत्तूभैया?"

त्यांनी झेंडा खाली घेतला.

"ती गेली तेव्हा मी जवळच बसलो होतो. हात हातात होता, पण तिने दाखवला नाही. दाखवण्याइतकी ताकद नसेल. लोक म्हणाले, आता जाऊ द्या, दत्तूजी. मेघापण म्हणते, बाबा, पुढे व्हा." त्यांनी झेंड्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "हात दिसल्याशिवाय गार्डने गाडी कशी सोडायची रे? पाटी लावली की संपलं. मागे कोणी नाही, असं लिहून दिल्यासारखं होतं."

माझ्याने राहवलं नाही. "दत्तूभैया, तुमची बॅटरी माझ्याकडे आहे."

"काय?"

"मेघा काळजीत होती. मी काढली. सोमवारपासून माझ्या पलंगाखाली आहे."

त्यांनी दिव्यावरची काळी पट्टी नखाने सोलली. बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. त्यांनी झाकण उघडून दांड्याच्या रिकाम्या पोटात बोटं घातली. मी त्यांच्या रागाची वाट बघत उभा होतो. मला तो हवाच होता.

ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवीन लग्न झालेल्या माणसाचं हसू होतं.

"बरं झालं सांगितलंस," ते हळूच म्हणाले. "मला वाटायला लागलं होतं, की मोटरच असावी."

फाटक उघडलं. त्यांनी सायकल वळवली. धुक्याने सगळं ओलं झालं होतं. हँडलवर थेंब होते, त्यांच्या मफलरवर थेंब होते, माझ्या स्कूटरची सीट निथळत होती. मी त्यांना सायकलवर बसायला मदत करावी म्हणून मागून कॅरिअरला हात लावला. निळी गादी कोरडी होती. कोरडी आणि किंचित उबदार. काहीतरी कारण असेल. मी हात काढून घेतला आणि, मला सांगायला लाज वाटते, पण "सॉरी, वहिनी," असं म्हणालो.

परत येताना मी त्यांच्या पुढे गेलो नाही.

बॅटरी घेऊन गेलो तर म्हणाले, "असू दे तुझ्याकडे. लागली तर मागेन." ती अजून आमच्या पलंगाखाली आहे.

रविवारी मेघाचा फोन आला. तिने तिकिटं बघायला सुरुवात केली होती.

"दादा, एकदाच खरं सांगा. बाबा अजूनही एकटेच बोलतात का?"

मी खिडकीतून बघितलं. दत्तूभैया ओट्यावर बसून सायकलची साखळी पुसत होते आणि काहीतरी सांगत होते.

"नाही गं," मी म्हणालो. "एकटे नाहीत."

 मग ती म्हणाली, "म्हणजे मी येऊ नको?"

"ये ना. न्यायला नको, राहायला ये. सकाळी लवकर ऊठ आणि त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जा. माझी स्कूटर घे. पण त्यांच्या मागून जा, पुढून नको."

आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी उत्तर देऊन मला अपराधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा मी खिडकीशी तयार होतो. मनाशी ठरवलं होतं, दत्तूभैयांनी मागे बघितलं की आपण हात बाहेर काढायचा. इतके दिवस ते रिकाम्या भिंतीकडे बघतात, एखाद्याने तरी खूण करावी. झेंडा वर गेला. ते वळले. मी गजांतून हात घातला.

पण माझा हात बाहेर यायच्या आधीच त्यांनी मान डोलावली होती. माझ्याकडे बघून नाही. नळाकडे बघून. सायकल निघाली, आवाज न करता, मागे पाटी नसलेली.

नळापाशी बसलेलं कुत्रं उठून उभं राहिलं होतं आणि ओळखीचं माणूस दिसल्यासारखी शेपटी हलवत होतं.